चाळीसचा बल्ब

पुतळीनं पडवीतला शंभराचा बल्ब उतरवून चाळीसचा लावला, त्या दिवशी कान्हू तिच्याशी दिवसभर बोलला नाही. संध्याकाळी गणपतीची मूर्ती मांडीशी घेऊन डोळ्यांच्या आखणीला बसला, तेव्हा मात्र त्याला राहवलं नाही.

"एवढ्याशा उजेडात डोले कसे काढू गो मी? गनपतीचे डोले हायत, कोंबडीचे नाय."

"तुमी डोले मिटून पन आखनी करता, असा सगला गाव बोलतो," पुतळी पापड लाटता लाटता म्हणाली. "मंग चालीस काय नि शंभर काय!"

कान्हू हसला. आपल्या हाताची तारीफ ऐकली की त्याला हसू आवरायचं नाही, आणि हे पुतळीला पक्कं ठाऊक होतं. बल्ब चाळीसचाच राहिला.

ही गोष्ट एक्क्याण्णवच्या उन्हाळ्यातली. घर तेव्हा नवं होतं. गडबमध्ये हमरस्त्यापासून दोन शेतं आत, दोन खोल्या आणि पुढं रुंद पडवी. गिलावा आतून झाला होता, बाहेरून विटा तशाच उघड्या. पेणच्या एका पतसंस्थेनं पन्नास हजार रुपये दहा वर्षांच्या मुदतीनं दिले होते आणि घराचे कागद गहाण म्हणून आपल्या कपाटात ठेवून घेतले होते. जामीन राहिला होता काळुराम शेठ. त्याच्या गणपतीच्या कारखान्यात कान्हू वयाच्या बाराव्या वर्षापासून कामाला होता.

कारखान्यात साचा भरणारे वेगळे, मूर्ती घासणारे वेगळे, अंगाला रंग मारणारे वेगळे. सगळ्यांचं होऊन मूर्ती शेवटी कान्हूपुढं यायची. तो डोळे आखायचा. आधी पांढरं, मग वरच्या पापणीची काळी रेघ, मग बुबुळ. रेघ एका ओढीत यायला हवी, मध्ये श्वास सोडला तरी हात हलतो. पेणपासून नागोठण्यापर्यंत अशी रेघ ओढणारा दुसरा माणूस नव्हता. काळुरामाला हे इतरांपेक्षा जास्त कळत होतं, म्हणून तर तो मागितल्याबरोबर जामीन राहिला. पुतळीला यातली मेख जरा उशिरा उमगली.

त्याच्या आदल्या दिवाळीनंतर पेणच्या एका कारखानदारानं कान्हूला मूर्तीमागं दुप्पट दर देऊ केला. कान्हू पडला गरीब गाय. दुसऱ्याकडं जायचं सोडून तो काळुरामाकडंच गेला आणि मान खाली घालून म्हणाला, "शेठ, दर जरा वाढवला तर..." पुतळी नेमकी डबा घेऊन दारात पोचली होती.

काळुराम ओल्या साच्यावर हात पुसत म्हणाला, "जा की पेनला. तो पेनवाला जामीन राहतो काय, ते तेवढं इचार. मी उद्या पतसंस्थेत जाऊन बोललो, मना जामीन राहायचं नाय, तर परवा तुझ्या घराला टालं."

कारखान्यातली दहा-बारा माणसं हसली. कान्हूही त्यांच्यात हसला. शेठनं मारलं तरी पुतळीला जेवढं लागलं नसतं, तेवढं ते नवऱ्याचं हसणं लागलं. डबा उंबऱ्यावर ठेवून ती तशीच परत फिरली.

पुढच्या सोमवारी ती एसटीनं पेणला गेली आणि पतसंस्थेच्या खिडकीशी उभी राहिली. आत बसलेला कारकून चष्म्यावरून बघत होता.

"महिन्याला आठशे सात," तो म्हणाला. "दहा वर्षांत शहाण्णव हजार आठशे चाळीस."

"पन्नास घेतले नि शहाण्णव?"

"व्याज असतं बाई."

"आनि जास्त भरले तर?"

कारकुनानं कागद पुढं ओढला. बराच वेळ आकडेमोड केली. मग म्हणाला, "दर महिन्याला तीनशे दहा जास्त भरलेत, तर साडेपाच वर्षांत मोकळ्या व्हाल. पण असं भरत कुणी नाही."

पुतळीनं तो कागद मागून घेतला, चार घड्या घातल्या आणि चोळीत ठेवला. घरी येऊन कान्हूला म्हणाली, "साडेपाच वर्सं. मंग जामीन नाय नि शेठ नाय. पडवीत आपला सोताचा कारखाना."

"माझा कारखाना?"

"मंग कोनाचा?"

कान्हू पडवीकडं बघत राहिला. मूर्ती कुठं मांडायच्या, रंगाचे डबे कुठं ठेवायचे, हे तो बोटानं दाखवायला लागला. लग्न झाल्यापासून पुतळीनं त्याला इतका खुललेला बघितला नव्हता.

मग तिनं घर हातात घेतलं. घेतलं म्हणजे कसं, तर घरातून बाहेर जाणारा प्रत्येक पैसा आधी तिच्या डोळ्यांपुढून जायचा आणि बहुतेक वेळा तिथूनच मागं फिरायचा. दूध बंद झालं. खोबरेल नमितापुरतं उरलं. नमिता तेव्हा अकराची, तिच्या शाळेच्या फीला मात्र तिनं हात लावला नाही. आगऱ्याच्या घरात ताजं मावरं, ताजी मासळी नाही म्हणजे घरात कुणी मेलं की काय असं लोक विचारतात. पुतळीनं पावशेर सुका जवळा आठवडाभर पुरवला. ओहोटीला खाडीच्या चिखलात मांडीपर्यंत उतरून ती निवट्या मासे धरायची, बिळातले खेकडे, चिंबोऱ्या काढायची. एकदा चिंबोरीनं अंगठा फोडला, तर हळद दाबून तिनं त्याच हातानं पापड लाटले. पापड पेणच्या व्यापाऱ्याचे, किलोवर मजुरी. पावसाळ्यात मनगटं सुजून पोळपाटाएवढी जड व्हायची. कान्हू कारखान्यातून येताना शेठच्याच दहा-पंधरा लहान मूर्ती घरी आणून रात्रीच्या जेवणापर्यंत आखायचा. त्या जादा कामाचे पैसे पुतळी वेगळ्या डब्यात टाकायची आणि त्या डब्याला कान्हूनंही कधी हात लावला नाही.

लोक नावं ठेवायचे, तिनं ठेवू दिली. अष्टमी गावी तिची बहीण गिरजा दिलेली. गिरजाच्या मुलीचं लग्न निघालं, सख्ख्या मावशीकडून निदान साडी आणि भांडं हवं. मांडवात आहेर कर्ण्यावर पुकारत होते. कुणाची पाचशे एक, कुणाची कळशी. मग कर्णा ओरडला, "गडबच्या मावशीकडून एकवीस रुपये!" मांडवातल्या माना वळल्या. गिरजानं तोंड फिरवलं ते फिरवलंच, पुढं तीन वर्षं बहिणीच्या घरी पाऊल टाकलं नाही. पुतळी पंगतीत बसून पोटभर जेवली. गाडीत मात्र तिनं तोंडावर पदर ओढून घेतला आणि थेट गडबच्या थांब्यावर काढला.

कान्हूनं डोळ्यांचं पहिल्यांदा सांगितलं ते दुसऱ्या वर्षी.

"बल्बाभवती रंगीत कडं दिसतं गो. वरातीतल्या दिव्यावानी."

"प्लास्टरची धूल जाते डोल्यात," पुतळी म्हणाली. शेजारच्या घरून अर्धी वाटी निरसं दूध मागून आणलं आणि त्याच्या डोळ्यांत थेंब घातले. उरलेलं दूध नमिताला दिलं.

नंतर तो दाराच्या चौकटीला खांदा आपटायला लागला. बाजूनं आलेली सायकल त्याला दिसायची नाही. वाटेत बांधलेल्या शेजाऱ्याच्या म्हशीवर एकदा तो सरळ जाऊन पडला. गाव हसला, पुतळी त्याच्यावरच चिडली. "समोर बघून चाला की!" तो म्हणाला, "समोरचंच तर दिसतं." पण हे तो इतकं हळू म्हणाला, की ते ऐकलं नाही असं पुतळीला स्वतःला सांगता आलं.

चौऱ्याण्णवच्या श्रावणात नागोठण्याला डोळ्यांचं शिबिर भरलं. मुंबईचे डॉक्टर येणार, तपासणी फुकट, थेंब फुकट. कान्हूनं जाहिरातीचा कागद आणून पुतळीच्या पुढ्यात ठेवला.

"जाऊन येतो. बेस्तवारी."

गणपतीला बारा दिवस उरले होते. ते वर्षातले कमाईचे दिवस, दिवसाला ऐंशी मूर्ती सुटायच्या.

"फुकट कसलं?" पुतळी म्हणाली. "ऐंशी मूर्तींची मजुरी जाईल, वर गाडीभाडं. आता पावनेदोनच वर्सं राह्यलीत. घर सुटलं की आपुन मोठ्या डॉक्टरला दाखवू, पैसं देऊन."

"बरं," कान्हू म्हणाला. त्यानं कागद उचलला, उलटा केला आणि त्यावर ब्रश पुसला.

त्या दिवसापासून नमिता शाळा सुटली की बापाकडं कारखान्यात जायला लागली. ब्रश धुते, रंग कालवते, असं सांगायची. पुतळीला बरंच वाटलं. पोरीला घरात ठेवून बल्ब जाळण्यापेक्षा ते चांगलं.

शहाण्णवच्या मेमध्ये शेवटचा हप्ता गेला. कारकून तोच होता, डोक्यावरचे केस तेवढे कमी झाले होते. त्यानं पुतळीला ओळखलं. "भरलेत की हो बाई तुम्ही!" म्हणत तो उठून उभा राहिला आणि साहेबांना बोलावून आणलं. साहेबांनी कागद कान्हूपुढं धरले. कान्हूनं हात पुढं केला तो कागदांच्या वीतभर उजवीकडं. पुतळीनं चटकन मध्ये हात घालून कागद घेतले आणि सगळ्यांना वाटलं, बाईला केवढी घाई.

येताना तिनं पापलेट आणलं. साडेपाच वर्षांत पहिल्यांदा घराला तळलेल्या मावऱ्याचा वास आला. नमिता दोनदा भात मागून जेवली. कान्हूनं पुढ्यातली तुकडी खाल्ली, बोटं चाटली आणि ताटावरून उठायला लागला. ताटाच्या कडेला दुसरी, मोठी तुकडी तशीच होती. पुतळीनं ती उचलून त्याच्या हातात दिली.

"अजून हाय?" तो हरखून म्हणाला.

पुतळीनं आपल्या ताटातली तुकडीही त्याच्या ताटात, अगदी मधोमध ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं पेढे घेऊन कारखान्यात गेली. पुतळीनं नवं लुगडं नेसलं होतं. काय बोलायचं ते तिनं साडेपाच वर्षं मनात घोटून ठेवलं होतं. शेठ, आजपासून आम्ही मोकळे, असं ती दहा माणसांसमोर म्हणणार होती आणि त्या दहांपैकी कुणी हसतं का ते बघणार होती.

काळुरामानं तिला बोलूच दिलं नाही. पेढा तोंडात टाकत म्हणाला, "कारकुनाचा निरोप आला मना. बरं झालं बाबा. सुटलो एकदाचा मी पन."

"तुमी कशातनं सुटलाव?"

काळुरामानं कान्हूकडं बघितलं. कान्हू जमिनीकडं बघत होता.

"वैनी, दोन वर्सं झाली, ह्याची निम्मी आखनी मी पुसून घेतो. एक डोला वर, एक खाली. गिऱ्हाईक मूर्ती परत आनायला लागला तवा मना समजलं. पन काढू कसा ह्याला? काढला असता तर हप्ता कोन भरनार होता? जामीनदार मी, माझ्याच बोडक्यावर बसला असता. म्हनून ठेवला. आता हप्ता नाय. मंग मी कशाला ठेवू, तुमीच सांगा."

कारखान्यात कुणी हसलं नाही. हसले असते तर पुतळीला काही बोलता तरी आलं असतं.

"पुसून परत काढलं कोनी?" तिनं विचारलं.

"कोन काढनार? तुमच्या नमीनं. बापाचा हात आलाय पोरीला, तीच रेघ." काळुरामानं दुसरा पेढा उचलला. "ह्या सीझनला तिला धाडा. आखनी तिला देतो. दर निम्मा, शिकाऊ हाय ना अजून."

"शेठ, मी साचं भरीन," कान्हू म्हणाला. "घासायला बसेन."

"घासायला पन दिसावं लागतं रं कान्हू."

परतताना हमरस्ता ओलांडायचा होता. नागोठण्याकडून केमिकल कंपनीचे टँकर एकामागून एक येत होते. पुतळीनं त्याचा हात धरला. भर रस्त्यात तिनं नवऱ्याचा हात धरण्याची ती पहिलीच वेळ.

"तुमाला ठावं होतं?"

"व्हय."

"मंग बोललाव का नाय मना?"

"बोललो की. बल्बाचं बोललो, कड्याचं बोललो, नागोठन्याचं बोललो." टँकर जाईपर्यंत तो थांबला. "तू हिशेब करत होतीस गो."

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर ती भांडली असती, रडली असती, मोकळी झाली असती.

घरी नमिता चुलीपुढं बसली होती. दहावीची परीक्षा देऊन झालेली, निकालाची वाट बघत होती. पुतळीनं तिच्या पाठीत एक धपका घातला आणि मग तिला पोटाशी धरलं.

"बाबा बोलले, आईला सांगू नको," पोर म्हणाली. "तिचा हिशेब मोडेल, बोलले."

पेणच्या डॉक्टरनं अंधाऱ्या खोलीत कान्हूचे डोळे बराच वेळ बघितले. काचबिंदू म्हणाला. उजवा गेलाच होता, डाव्यात किल्लीच्या भोकातून बघावं तेवढं उरलं होतं. गेलेलं परत येणार नव्हतं. थेंब घालत राहिलं तर उरलेलं कदाचित टिकेल, तेही सांगता येत नाही.

"त्रास कधीपासून आहे?" त्यानं विचारलं.

पुतळी म्हणाली, "यंदापासून."

डॉक्टरनं कान्हूकडं बघितलं. कान्हूनं मान हलवली, यंदापासून. डॉक्टरनं ते कागदावर लिहून घेतलं. बाहेर औषधाच्या दुकानात थेंब, गोळ्या आणि पुढच्या तपासणीची फी धरून महिन्याचे सव्वातीनशे झाले. दर महिन्याला जास्त भरलेल्या तीनशे दहाच्या जवळचा तो आकडा ऐकून पुतळी दुकानाच्या पायरीवर बसली. दुकानदारानं पाणी विचारलं. ती नको म्हणाली.

नमिता पहिल्या वर्गात पास झाली. पेणच्या कॉलेजचा फॉर्म पुतळीनं आणून फळीवर ठेवला होता, तो भरायची तारीख आली आणि गेली. "एक सीझन जाते," नमिता म्हणाली, "मंग बघू." पुतळीनं नको म्हणायला तोंड उघडलं, मग फळीवरचा फॉर्म घडी करून सव्वातीनशेच्या पावतीखाली सरकवला. आषाढापासून पोर काळुरामाच्या कारखान्यात बापाच्या जागेवर बसली. पहिल्या पगाराचे पैसे तिनं आईच्या हातात दिले. पुतळीनं ते मोजले नाहीत, तसेच डब्यात टाकले.

पडवीत चाळीस मूर्ती मांडायच्या म्हणून तिनं बांधून घेतलेल्या फळ्या रिकाम्या राहिल्या. त्यांवर एकच मूर्ती होती, वीतभर, शाडूची. घरचा गणपती. साचा कान्हूनं स्वतः भरला होता, हातानं चाचपत मूर्ती घासून काढली होती. अंगाला रंग नमितानं दिला. डोळ्यांना मात्र त्यानं कुणाला हात लावू दिला नव्हता.

"घरचा गनपती मीच आखनार," तो म्हणाला. "मोठा बल्ब मात्र आन."

चतुर्थीच्या आदल्या दिवशी दुपारीच अंधारून आलं. पाऊस असा लागला की समोरचं शेत दिसेना. नमिता कारखान्यात होती, शेवटच्या दिवशी तिथं जेवायलाही फुरसत नसते. कान्हू मागच्या दारी हातपाय धूत होता. पुतळीनं स्टुलावर चढून चाळीसचा बल्ब काढला, शंभराचा लावला आणि बटण दाबलं.

पडवी उजेडानं भरली. भिंतीतली भेग, फळ्यांवरची धूळ, कोपऱ्यातली जळमटं, सगळं उघडं पडलं. या उजेडात पडवी एवढी मोठी दिसते हे ती विसरूनच गेली होती.

कान्हू भिंतीचा आधार घेत आला. मांडी घालून बसला, मूर्ती जवळ ओढली. अंगठ्यानं तिचं कपाळ चाचपलं, भुवई चाचपली, डोळ्याची खाच चाचपली. ब्रश काळ्या रंगात बुडवून टोक ओठांत फिरवलं, पूर्वी करायचा तसंच. मग श्वास रोखला आणि ब्रश मूर्तीच्या डोळ्याशी नेला.

हात तिथंच थांबला. त्यानं श्वास सोडला.

"बल्ब लाव की गो," तो म्हणाला. "किती कालोख झालाय."

पुतळीनं वर बघितलं. बल्बकडं बघवत नव्हतं, एवढा तो जळत होता.

"आनलाय ना शंभराचा?" त्यानं विचारलं.

"आनलाय," ती म्हणाली. "थांबा हां. लावते."

आणि ती त्या उजेडात तशीच उभी राहिली.